दस्ता हलतो, आणि आपण रायफल बदलतो

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना पहिल्या वर्षात केव्हातरी एक सल्ला हमखास मिळतो : रायफल बदला. छर्रे एका जागी पडत नाहीत, ग्रुप पसरतोय, काल लावलेला झीरो आज चालत नाही. तक्रार कुठलीही असो, औषध एकच. पंधरा-वीस हजारांच्या एअर रायफलवरून दोन-अडीच लाखांच्या जर्मन रायफलकडे जायचं. ज्यांना जमतं ते जातात. ज्यांना जमत नाही त्यांची मुलं दहावीचं निमित्त करून रेंजवर यायची बंद होतात, आणि आपण म्हणतो की त्यांच्यात जिद्द नव्हती.

माझं म्हणणं साधं आहे. यातल्या कितीतरी रायफलींची नळी ठीक असते, घोडा ठीक असतो, स्प्रिंगही ठीक असते. हलत असतो तो दस्ता. तो ताठ करायला लागणारं सामान हजार-दोन हजारांत येतं, आणि ते काम करू शकणारी माणसं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही हे काम होत नाही. त्याला आपली तीन दुखणी जबाबदार आहेत : छापील ब्रँडवरची श्रद्धा, हाताने काम करणाऱ्याबद्दलचा तुच्छभाव, आणि दस्त्यालाही बंदूक समजणारा कायदा.

पोकळपणाचं कारण

दस्ता म्हणजे रायफलचा तो भाग जो आपण धरतो : खांद्याला टेकणारं बट, गालाखालचा भाग, पुढच्या हाताखालचा फोरएंड. पूर्वी तो अक्रोडाच्या किंवा बीचच्या लाकडाचा असे. आता स्वस्त आणि मध्यम किमतीच्या रायफलींना सर्रास 'सिंथेटिक' दस्ता येतो. जाहिरातीत त्याचे गुण असतात : हलका, पावसात न फुगणारा, न तडकणारा. हे सगळं खरं आहे. पण तो आतून पोकळ असतो, हे जाहिरातीत नसतं.

पोकळ का असतो, हे सातिवलीत कुणाही मोल्डिंगवाल्याला विचारा. वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात प्लास्टिकच्या मोल्डिंगचे इतके गाळे आहेत की दुपारी रस्त्यावरून जाताना वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा वास येतो. तिथला ऑपरेटर तुम्हाला दोन वाक्यांत सांगेल. प्लास्टिकची भिंत दुप्पट जाड केली की थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. आणि जाड ठोकळा थंड होताना पृष्ठभागावर खड्डे पडतात. म्हणून भिंत पातळ ठेवायची, आत रिब टाकायच्या, आणि डाय लवकर उघडायची. म्हणजे दस्ता पोकळ असण्यामागे नेमबाजाचा विचार नाही, मशीनच्या सायकल टाइमचा आहे. कंपनीने यात काही फसवणूक केलेली नाही. तिने किमतीचं गणित सोडवलं, अचूकतेचं आपल्यावर सोडलं.

'कंपनीने दिलंय म्हणजे विचार करूनच दिलं असेल' हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. विचार केलेला आहेच, पण तो तुमच्या निशाण्याचा नाही.

चार शतांश मिलिमीटर

आता हे हलणं किती महत्त्वाचं? १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर १० मीटरवरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे साइटपाशी ०.०४ मिलिमीटर. साध्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. या खेळात एवढीएवढी फिरकत पदकं ठरवते. अभिनव बिंद्राने आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याच्या पायाखालची फरशीच सैल होती. तो सातवा आला होता. पायाखालची फरशी हलली तर आपण हळहळतो. गालाखालचा दस्ता हलला तर मात्र म्हणतो, सराव वाढव.

कुणी म्हणेल, साइट तर नळीवर असते, दस्ता वाकला तरी नेमबाजाला दिसतंच की. दिसतं, पण घोडा दाबेपर्यंतच. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये घोडा दाबल्यावर जड पिस्टन आधी धावतो आणि छर्रा नंतर नळीतून बाहेर पडतो. छर्रा आत असतानाच रायफल मागे-पुढे हिसका खाते. तो हिसका दर वेळी सारखाच बसला तर छर्रेही एका जागी पडतात. पण दस्त्याचे स्क्रू पोकळ प्लास्टिकला आवळलेले असतील तर प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं. मेकॅनिकलच्या पुस्तकात याला क्रीप म्हणतात. आज घट्ट केलेला स्क्रू महिन्याने सैल निघतो, मे महिन्यात तर पंधरा दिवसांत. मग दर शॉटला हिसका वेगळा. पॉइंट टू-टूसारख्या रायफलींत आणखी एक भानगड असते : पट्टा ताणला की मऊ फोरएंड वाकून नळीला टेकतो, आणि नळी ज्या तऱ्हेने थरथरते ती तऱ्हाच बदलते.

यावरचा उपाय म्हणजे बेडिंग. लोखंडी सांगाडा दस्त्यात जिथे बसतो, तिथे इपॉक्सीचा असा साचा ओतायचा की दोघांमध्ये फट उरू नये आणि ताणही येऊ नये. स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमची नळकांडी बसवायची, म्हणजे स्क्रू प्लास्टिकला न आवळता धातूला आवळतो. आणि फोरएंडची पोकळी आतून ताठ करायची. यात गुप्त विद्या कसलीच नाही. जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच बघा. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याला तिथलं लाकूड मऊ पडायला लागलं, तेव्हा त्यांनी धक्का बसतो त्या जागी तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या. आपल्या ईशापूरच्या कारखान्याने फोरएंड चिरू नये म्हणून त्यात एक जादा आडवा स्क्रू टाकला. जगभरचे जुन्या रायफलींचे संग्राहक आजही त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. म्हणजे दस्त्याच्या एका युक्तीला भारतातल्या कारखान्याचं नाव मिळालं आहे, आणि आपण मात्र 'असलं काम इथे होत नाही' म्हणत जर्मनीकडे बघतो आहोत.

अरालडाइट ओतणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून आपल्याकडचे उत्साही लोक फोरएंडच्या पोकळीत पाव किलो इपॉक्सी ओततात आणि दस्ता 'दगडासारखा' झाल्याचं सांगतात. तो दगडासारखा जड होतो. ताठ फारसा होत नाही.

आकडे बघा. ताठपणा मोजायचं एकक गिगापास्कल. पॉलिप्रॉपिलीन दीडच्या आसपास. नुसती इपॉक्सी तीनच्या आसपास. अक्रोडाचं लाकूड धाग्याच्या दिशेने अकरा-बारा. ॲल्युमिनियम सत्तर. म्हणजे मऊ प्लास्टिकमध्ये तुम्ही किंचित कमी मऊ प्लास्टिक भरलंत. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या फोरएंडच्या वरच्या कडेला आणि तळाला, म्हणजे मधल्या रेषेपासून जमेल तितक्या लांब, थोड्या इपॉक्सीत बसवल्या तर कमी वजनात कितीतरी जास्त ताठपणा मिळतो. तुळईची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, हे दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये सगळ्यांनी लिहून मार्क मिळवलेले असतात. वरून उघडी असलेली पन्हाळी पिळली की सहज पिळते, तिच्यावर झाकण चिकटवलं की पिळत नाही, हेही तिथलंच. मोडून लोड करायच्या रायफलीत लिव्हरसाठी खाच मोकळी ठेवावी लागते, त्यामुळे झाकण सगळीकडे बसणार नाही. जिथे बसतं तिथे बसवा.

दुसरी गोष्ट चिकटण्याची. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी धरत नाही. सुकल्यावर सबंध ठोकळा खुळखुळ्यासारखा सुटा होतो. यावरचा इलाज मला व्हिडिओत मिळाला नाही, सातिवलीत बाटल्यांवर छपाई करणाऱ्या एका गाळ्यात मिळाला. तिथे प्लास्टिकची प्रत्येक बाटली शाई लावण्याआधी क्षणभर निळ्या ज्योतीवरून फिरवतात, कारण नाहीतर शाई नखाने निघते. ज्योतीने पृष्ठभागाचं रसायन बदलतं, आणि मग शाई धरते. जी गोष्ट शाईला लागू, तीच इपॉक्सीला. पोकळीत घासकागद फिरवा, ज्योत हलकी आणि झटपट दाखवा, शिवाय रिबांना आडवी भोकं पाडा म्हणजे रेझिन त्यांतून जाऊन कुलपासारखं अडकेल. पातळ भिंतीचं प्लास्टिक ज्योतीखाली वाकडं व्हायला वेळ लागत नाही, म्हणून हे आधी भंगारातल्या तुकड्यावर करून बघायचं.

पावसाळ्यात वसईच्या हवेत हार्डनरवर मेणचट थर येतो, त्यावर दुसरा थर चढवला तर तो सुटतो. आधी कोमट पाण्याने पुसायचा. एका वेळी जास्त रेझिन ओतलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून दस्ता मऊ करतं, म्हणून थोडं थोडं ओतायचं. लोखंडी भागाला मोल्ड रिलीज वॅक्स लावायचं, आणि स्क्रूची भोकं व खाचा मातीने बुजवायच्या. नाहीतर रायफल आणि दस्ता यांचं लग्न कायमचं लागतं. पाचूबंदरला होड्यांना फायबर चढवणाऱ्या माणसाला यातलं काहीही नवीन नाही.

आणि मोजमाप. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला एक शिस्त लावलेली असते : बदल करण्याआधी टेस्ट लिहा. तीच इथे. डायल गेजचा पाय नळीवर किंवा सिलिंडरवर, टोक दस्त्यावर. पुढचा स्क्रू सैल करा आणि काटा बघा. पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर सांगाडा दस्त्यात वाकून बसलेला आहे, बेडिंगची गरज आहे. फोरएंड बोटाने दाबून बघा. मग एकाच डब्यातल्या छर्‍यांनी, टेकूवरून, दहा-दहाचे पाच ग्रुप मारा आणि कागद जपून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा पाच. फरक नसेल तर दस्त्यात दोष नव्हता, दुसरीकडे शोधा. ज्याच्याकडे आधीचे कागद नाहीत त्याने 'जबरदस्त फरक पडला' असं कुणाला सांगू नये.

दस्ता म्हणजे बंदूक?

इथपर्यंत वाचून कुणी विचारेल, हे सगळं कायद्यात बसतं का. प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर ऐकून डोकं फिरतं.

०.१७७ इंची, २० जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. तिच्या दस्त्यावर घरी काम करण्याबद्दल मी वर लिहिलं ते तिच्याचपुरतं आहे. पॉइंट टू-टू किंवा तिच्या वरच्या रायफलीची गोष्ट वेगळी. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५ प्रमाणे बंदुका बनवायला, विकायला, बदलायला, दुरुस्त करायला परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' म्हटलं की त्यात सुटे भागही आले. कुठला भाग, ते व्याख्या सांगत नाही. स्फोटाचा दाब सोसणारी नळी आणि गाल टेकायचा प्लास्टिकचा तुकडा एकाच शब्दात बसवलेत. म्हणून त्या रायफली परवानाधारक गनस्मिथकडेच न्याव्यात, घरी हात लावू नये, असंच मीही सांगेन. कायदा मूर्ख असला तरी तो मोडायचा सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराला पोलीस ठाण्यात पाठवणं.

पण कायदा बदलायची मागणी तर करता येते. ज्या ब्रिटिशांच्या कायद्यांची सावली आपल्या शस्त्र कायद्यावर आहे, त्यांनी स्वतः २०१७मध्ये आपल्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्ती करून बंदुकीचे 'घटक भाग' नावानिशी मोजून दिले : नळी, चेंबर, सिलिंडर, फ्रेम किंवा रिसीव्हर, आणि मागून दाब अडवणारा बोल्ट. त्या यादीत दस्ता नाही. अमेरिकेत नोंद होते ती रिसीव्हरची, दस्ता कुणीही टपालाने मागवतो. आपल्या नियमांत अशी एक यादी टाकायला किती ओळी लागतील?

'आपल्याकडे गावठी कट्टे बनतात, सूट दिली तर काय होईल', हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कट्टे बनतात आणि माणसं मरतात. पण कट्ट्याला लागते ती नळी, दाब अडवणारी यंत्रणा आणि फायरिंग पिन. अचूक बेड केलेल्या दस्त्याची कट्टेवाल्याला गरजच नसते, तो चार फुटांवरून मारतो. दस्त्यावर पहारा ठेवून एकही कट्टा कमी होत नाही. कमी होतात ते फक्त दस्ता समजणारे कारागीर.

हात कुणाचे

सातिवली रोडवर 'रेंज ऑफिस' नावाचा एक नाका आहे. नवीन माणसाला वाटावं इथे नेमबाजीची रेंज असेल. नाही. पण त्या नाक्याच्या आसपास शंभरातला एक भाग मोजणारे टूलरूमवाले आहेत, फायबरवाले आहेत, ज्यांच्या हातात मायक्रोमीटर चमच्यासारखा बसतो असे डायमेकर आहेत. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात प्रेसीहोल नावाची खोल भोकं पाडायची यंत्रं बनवणारी कंपनी आता एअर रायफली बनवते, कारण लांब सरळ भोक पाडता येणाऱ्याला नळी परकी नसते. नळीसारखं अवघड काम इथे होतं, तर दस्ता ताठ करायला म्युनिक गाठायचं कारण काय?

कारण आपण या माणसांना विचारत नाही. माझ्यासारखे डिग्रीवाले चार वर्षं तुळयांची गणितं करून आयटीत जातात, आणि डाय बनवणाऱ्या काकांना 'कामगार' म्हणतात. क्लबातले लोक त्यांच्याकडे जात नाहीत, कारण त्यांच्या गाळ्यावर जर्मन नावाची पाटी नाही. आणि ते काका क्लबात येत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की त्यांना येतं तेच तिथे हवं आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत आदरणीय आहे : सामान नव्हे, सराव महत्त्वाचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं. सरावाशिवाय हे होत नाही, मान्य. पण सराव म्हणजे तरी काय? तीच कृती हजारदा करून तिच्या परिणामातून शिकणं. हलत्या दस्त्याच्या रायफलीवर परिणाम खोटा येतो. मुलीने श्वास बरोबर सोडला, घोडा बरोबर दाबला, आणि छर्रा आठात गेला. ती आपली बरोबर असलेली कृती बदलते. सहा महिने ती अशी चुका शिकत असते, आणि आपण तिला सांगतो, आणखी सराव कर. सरावाचं महत्त्व ज्याला खरंच कळतं, त्याने आधी रायफलीचा खोटेपणा काढला पाहिजे. बेडिंगने कुणी चॅम्पियन होत नाही. पण चूक माझी की प्लास्टिकची, एवढं तरी कळतं.

म्हणून मागण्या तीन. नियमांत बंदुकीच्या दाब सोसणाऱ्या भागांची स्पष्ट यादी करा आणि दस्ता तिच्याबाहेर ठेवा. प्रत्येक जिल्ह्याच्या रेंजवर एक डायल गेज, एक टॉर्क रेंच आणि वर दिलेली तपासणी एका पानावर मराठीत लावा. ती केल्याशिवाय कुठल्याही प्रशिक्षकाने पालकांना 'रायफल बदला' म्हणू नये. आणि वसई, पालघर, कोल्हापूर, नाशिक, जिथे जिथे आयटीआय आणि नेमबाजी शिकणारी मुलं एकाच शहरात आहेत, तिथे एअर रायफलचा दस्ता ताठ करणं हा फिटर आणि मोल्डमेकरच्या मुलांचा प्रोजेक्ट करा. दर वर्षी ती मुलं तोच ठोकळा कानशीने घासून तोच चौकोन काढतात. एकदा तरी त्यांच्या हातातली वस्तू कुणाच्यातरी खांद्याला लागू दे.

तोवर पालकांना एवढंच सांगतो. दोन लाखांचं कर्ज काढण्याआधी रायफल घेऊन एखाद्या टूलरूममध्ये जा. एअर रायफलच असू द्या, रिकामी, स्प्रिंग न चढवलेली, पिशवीत घातलेली, आणि जाण्याआधी फोन करून. गेज लावा, स्क्रू सैल करा, काटा बघा. काटा स्थिर राहिला तर खुशाल नवीन रायफल घ्या. हलला, तर आधी दस्त्याचं काम करून घ्या आणि मुलीला त्याच रायफलीवर पुन्हा उभं करा.